राख आणि काजळी

श्रोते हो, मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यास देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. घरी यात्रेकरू उतरायचा म्हणजे आधी शेगडी स्वच्छ हवी. तिच्यावर तेलातुपाचे थर करपून बसलेले असतात. सुरीने खरवडाल तर चरे पडतील, थर तसाच राहील. लाकडाची गार राख चाळावी, पाण्यात कालवून जाड लेप द्यावा, रात्रभर राहू द्यावा. राखेतला खार स्निग्धाशी मिळून साबणासारखा होतो. सकाळी काथ्याने घासले की मळ सुटू लागतो.

आता गंमत पहा. काजळीही लाकडाची, राखही लाकडाचीच! अर्धवट जळले ते काळे करते. पुरते जळले ते उजळते. सेवेचेही तसेच. 'मी केले' एवढे उरले की काजळी धरलीच.

१८७०-७१ च्या दुष्काळात सटाण्याचे मामलेदार असताना महाराजांनी सरकारी खजिन्यातले सुमारे १ लाख २७ हजार रुपये भुकेल्यांस वाटले. स्वतःसाठी काही राखले नाही. म्हणून अंमलदाराचा देव झाला.

बाबांनो, पंगतीला सगळे बसतात, घासायला मात्र एकटी माउली! द्वादशीला तुम्हीही काथ्या हाती घ्या आणि मनाला विचारा, आज माझी राख झाली की काजळी? रामकृष्णहरि.