टळलेला अपघात आणि साधकाचे कर्तव्य



केशिराजबासांनी दृष्टांतपाठ सिद्ध करताना सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असा क्रम योजला. लौकिक व्यवहारातील लहानसा प्रसंगही ज्ञानाचे द्वार होऊ शकतो, हे त्या रचनेवरून ध्यानी येते. आजच्या रहाटीतूनही असा एक दृष्टांत घेता येईल.

नाशिकचा कोणी एक उपदेशी गृहस्थ सहकुटुंब मौजे सुकेणे येथे स्थानवंदनास गेला. परततेवेळी ओझर मागे पडले आणि मुंबई-आग्रा महामार्गावर अंधार दाटला. वाटेत एक नादुरुस्त मालट्रक मागचे दिवे न लावता उभा होता. गृहस्थास तो अगदी जवळ गेल्यावर दिसला. त्याने ब्रेक दाबून गाडी कडेच्या मुरुमावर उतरविली. ट्रकची मागची फळी आणि गाडीची काच यांत हातभर अंतर उरले. कोणास खरचटलेही नाही. थरथरत्या हाताने त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि वाट धरली.

गृहिणी म्हणाली, "अहो, केवढे संकट टळले! गावच्या देवीला नवस फेडून येऊ." गृहस्थ म्हणाला, "नवस कशास? आजच्या स्थानवंदनाचेच हे फळ. देवाने आपल्याला वाचविले." मागे बसलेला मुलगा काही वेळाने म्हणाला, "मग बाबा, औरंगाबाद रोडला त्या बसमध्ये बारा माणसे गेली, त्यांना देवाने का नाही वाचविले?" बाबांस उत्तर सुचले नाही.

मुलाचा प्रश्न बालिश नव्हे. दि. 8 ऑक्टोबर 2022 रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईस निघालेली खासगी बस नाशिकच्या औरंगाबाद मार्गावर, मिरची हॉटेलच्या चौकात, मालवाहू वाहनास धडकून पेटली. झोपेत असलेले 12 प्रवासी गेले. दि. 28 जानेवारी 2020 रोजी देवळा तालुक्यात मेशीनजीक एस.टी. बस व रिक्षा धडकून दोन्ही वाहने विहिरीत कोसळली. 26 जीव देहास मुकले. त्यांतही कोणी भाविक असतील, कोणी घरच्यांच्या ओढीने निघालेले असतील. "आम्ही भक्त म्हणून वाचलो" असे म्हणताच "ते भक्त नव्हते म्हणून गेले" हा निष्ठुर अर्थ त्यातून आपोआप निघतो. साधकाच्या मुखी असे वाक्य शोभत नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ निरनिराळे करून दाखविले. जीवाने केलेल्या कर्माची सुखदुःखरूप फळे देवतांकरवी मिळतात. मोक्षाचे दान मात्र एका परमेश्वराचे आहे. म्हणून नवसाचा विचार येथे टिकत नाही. आणि स्थानवंदनाचे मोल हातभर अंतराने मोजणे हेही त्याच जातीचे आहे. देवीऐवजी देवाशी केलेला तो व्यवहारच होय. परमेश्वराच्या कृपेस देहरक्षणाचा मोबदला समजणे म्हणजे चिंतामणी देऊन कवडी मागणे.

मग कर्मफळ म्हणून मृतांकडे बोट दाखवावे काय? तेही नव्हे. कोणाचे कोणते कर्म केव्हा फळास आले हे अज्ञ जीवास कळत नाही. न कळणाऱ्या गोष्टीचा निवाडा करणे हा अहंकार होय. कर्मसिद्धांत स्वतःच्या दोषाचे दुःख करण्यासाठी आहे, परक्याच्या चितेपाशी न्यायासन मांडण्यासाठी नाही.

आणखी एक भाग विचारात घेतला पाहिजे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेतो एक-दीड सेकंद जातोच; गाडी थांबावयास त्यापुढे आणखी तितकी वा अधिक जागा लागते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. भारतात 2022 या एका वर्षी रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. या साऱ्यांस केवळ प्रारब्ध म्हणून हात झटकणे ही परमार्थाची भाषा नव्हे.

पारध्यांच्या भयाने पळत आलेल्या सशास स्वामींनी आपल्या जानूतळी आश्रय दिला, ही लीळा सर्वांस ठाऊक आहे. त्या मार्गातील भिक्षू पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली पाहून चालतो. तोच धर्म चाकावर बसलेल्या गृहस्थासही लागू आहे. अतिवेग, मद्य, झोपेने जड झालेले डोळे, वाटेत दिव्यावाचून सोडलेले वाहन, या सर्व हिंसाच होत. शस्त्र हाती नाही म्हणून हिंसा घडत नाही असे नाही.

आता दृष्टांताचा शेष भाग. गाडी आडगावापाशी आली तेव्हा गृहस्थ एकाएकी म्हणाला, "अरे, तो ट्रक अजून तिथेच आहे!" इतका वेळ तिघेही आपल्या वाचण्याविषयीच बोलत होते; मागून येणाऱ्यांचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. त्याने 112 क्रमांकावर कळविले आणि गाडी वळविली. ट्रकच्या बऱ्याच अलीकडे रस्त्याच्या कडेस उभे राहून त्याने विजेरी हलविली, बाभळीच्या फांद्या टाकल्या. पोलीस येईपर्यंत कित्येक वाहने सावध होऊन बाजूने गेली. त्यांतील एकाही प्रवाशास आपण कशातून वाचलो हे कळले नाही.

दार्ष्टांतिक असे : महामार्ग तो संसार, अंधार ते अज्ञान, वाटेत उभा ट्रक तो मृत्यू. हातभर अंतराने चुकलेला तो एक दिवस गाठणारच आहे. उरलेले आयुष्य हे भक्तीचे बक्षीस नव्हे. अनुसरणासाठी, स्मरणासाठी आणि मागून येणाऱ्या जीवांस सावध करण्यासाठी मिळालेला तो अवधी होय. "संकट टळले" म्हणून जो नुसता पुढे निघून जातो, तो वाचूनही काही मिळवीत नाही.

घरी पोहोचल्यावर मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाबा म्हणाले, "ते का गेले, हे मला ठाऊक नाही, बाळा. आपण उरलो आहोत, तर काय करावयाचे, एवढेच ठाऊक आहे." मुलाने मान डोलविली. साधकानेही यापलीकडे उत्तर शोधू नये. यावर आचरण करावे.