मत आणि तिकीट

2019मध्ये अमरावतीचा शिव ठाकरे 'बिग बॉस मराठी'चं दुसरं पर्व जिंकला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातलं पोरगं म्हणून चांदूर बाजारात बसून मलाही कौतुक वाटलं. रास्तच होतं ते. पण 'बिग बॉस'च्या घरातली रोजची भांडणं? मला तरी कंटाळवाणी वाटतात.

याउलट जयंत सोमलकरांचा 'स्थळ' हा सिनेमा पाहा. चंद्रपूरकडच्या डोंगरगावात, अभिनयात नवख्या गावकऱ्यांना घेऊन केलेला. त्यात बघायला आलेले पाहुणे मुलीची उंची विचारतात, शिक्षण विचारतात; तिच्या मनात काय आहे, ते कोणी विचारत नाही. 2023मध्ये टोरांटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळवूनही तो आपल्या थिएटरात 2025मध्ये आला.

'बिग बॉस'मध्ये आपल्या पोराला मत देताना आपण हात आखडत नाही. तसंच आपल्या बोलीतल्या सिनेमाचं तिकीटही काढत जा.