कोऱ्या पत्राला उत्तर

लग्नाकार्यात चार माणसांत बसलं की काहींना अगदी गुदमरल्यासारखं होतं. फोनवर, व्हॉट्सॲपवर तीच माणसं मोकळी होतात. हा पळपुटेपणा का? आम्हाला तसं वाटत नाही. ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने थोर. मग मायना काय लिहावा, हे चांगदेवांना सुचेना. त्यांनी कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. उत्तर आलं ६५ ओव्यांचं, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे भेटही झाली.

घरातल्या कुणाचा नुसता ‘कसे आहात’ आला, तर ‘यायला काय होतं?’ असं आपण टोचू नये; मनापासून उत्तर द्यावं. संकोची माणसानेही एवढं पाळावं: दुखणं, मयत असलं तर मेसेजवर भागवू नये. बोलायला सुचलं नाही तरी चालेल, पाच मिनिटं जाऊन बसावं.