शब्दांची नाती जुळवताना

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सोलला थंडी सुरू झाली असेल. कानटोपी घालत जा, बाळा, सर्दी अंगावर काढू नकोस. आजीचा गुडघा आता बरा आहे, ती पुन्हा ओट्याशी उभी राहायला लागलीय.

तुझा निबंध वाचल्यापासून मात्र मला जरा धास्ती वाटतेय. कोरियन तमिळमधून निघाली असं तू ठामपणे लिहिलंस, आणि पुरावा काय, तर ‘आप्पा’ आणि ‘ऑम्मा’! अगं, तान्ह्या बाळाच्या ओठांना आधी जमतात तेच हे आवाज. कितीतरी भाषांत आईबापांना त्यावरूनच हाका पडल्यात. होमर हल्बर्ट यांनी १९०५ साली सोलमध्येच कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तुलनेचं पुस्तक छापलं. त्यांनी व्याकरण ताडून पाहिलं होतं, तरीही पुढच्या बहुतेक अभ्यासकांना ते नातं पटलं नाही. क्रियापद शेवटी येतं म्हणून सोयरीक धरायची, तर आपली मराठीही त्यात बसेल. तू कोरियन आकडेच म्हणून बघ ना: हाना, दूल, सेत. आणि तमिळ: ओन्रु, इरण्डु, मून्रु.

राणी हॉ ह्वांग-ओकची गोष्टही तू पुराव्यात घातलीस. ती इ. स. ४८ मध्ये ‘अयुता’हून, म्हणजे काहींच्या मते भारतातून, समुद्रमार्गे कोरियात आली असं ‘सामगुक युसा’ सांगतो, पण तो ग्रंथ तेराव्या शतकातला. गोष्ट मलाही फार आवडते गं, पण भाषेच्या नात्याचा भार तिच्यावर टाकू नकोस.

शब्द कुठल्या वाटेने आला ते शोध, राणी. कोरियन कोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे, आणि त्याच वाटेने संस्कृतही पोचलं. बौद्ध ग्रंथांतला ‘क्षण’ चिनी अक्षरांत गेला आणि कोरियात ‘छाल्ला’ झाला. ‘गंधर्व’ तर ‘गॉनदाल’ होऊन आज रिकामटेकडा, गुंड झालाय! स्वर्गातल्या गवयाची ही गत कशी झाली, हे शोधण्यात तुझं सगळं सेमिस्टर आनंदात जाईल. आणि तू सकाळी खातेस तो ‘पांग’? पोर्तुगीजांचा शब्द जपानमार्गे तिथे गेला, गोव्याकडून आपल्याकडे ‘पाव’ म्हणून आला. हे नातं खरं आहे, कारण वाट दाखवता येते. तुझ्या वर्गात हे आणखी कुणाला सुचणार आहे?

तू हुशार आहेस, म्हणूनच काळजी. चार टाळ्यांसाठी घाईत लिहिलेलं पुढे वर्षानुवर्षं चिकटून राहतं. निबंध देण्याआधी नवा खर्डा मला पाठव, तुझ्या बाईंनाही दाखव. आणि रविवारी आजीला फोन कर, ती वाट बघते.

तुझी,
आत्या