स्नानगृहाचा उंबरठा आणि आपली जबाबदारी



शुद्धता ही नमाजची पूर्वअट आहे. परंतु ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, पक्षाघाताने ज्यांचे एक अंग लुळे पडले आहे, त्यांच्यासाठी निसरडी फरशी आणि स्नानगृहाचा उंचवटा हा रोजचा धोका असतो. पडण्याच्या भीतीने ते स्नान टाळतात. मदतीला हाक मारण्याची लाज वाटते म्हणून गप्प राहतात.

सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत वजू, गुस्ल आणि तयम्मुम यांचे आदेश एकत्र आले आहेत. अल्लाह आपल्या दासांना अडचणीत टाकू इच्छित नाही, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रवासात एकाच्या डोक्याला जखम झाली होती. गुस्लची गरज पडली तेव्हा सोबत्यांनी त्याला सवलत नाकारली. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या मृत्यूचा दोष त्या सोबत्यांवर ठेवला.

यावर कोणी म्हणेल, तयम्मुमची सवलत आहे, मग खर्च कशाला? बंधूंनो, सवलत असमर्थ माणसासाठी आहे, समर्थ मुलाच्या आळसासाठी नव्हे. थोड्या सोयीने वडिलांना पाणी वापरता येत असेल, तर ती सोय करणे हे आपले कर्तव्य ठरते.

त्यासाठी काय करावे? पाय उचलून आत जावे लागेल असा टब टाळावा. फरशी सपाट व खरखरीत असावी, उंबरठा नसावा. बसून स्नान करण्यासाठी सुमारे 45 ते 50 सेंटीमीटर उंचीची पक्की बैठक आणि हाती धरता येणारा शॉवर असावा. दांडी भिंतीत घट्ट रोवलेली हवी. टॉवेलची दांडी शरीराचा भार पेलत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी दरवाजा 90 सेंटीमीटर रुंद असावा व तो बाहेर उघडावा, म्हणजे आत कोणी पडल्यास मदत पोहोचते. मात्र सर्वप्रथम, ज्यांना वापरायचे आहे त्यांनाच विचारावे.

ज्याला स्वतः स्नान करता येते, त्याचा पडदा आणि हया दोन्ही सुरक्षित राहतात. हीच दृष्टी आपल्या मशिदींच्या वजूखान्यांकडेही वळवू या.

हे अल्लाह! ज्यांनी बालपणी आम्हाला न्हाऊ-माखू घातले, त्यांच्या वार्धक्यात त्यांचा आधार होण्याची सद्बुद्धी आम्हास दे. आमीन.