शिळे कशास म्हणावे?

आठवडी सुट्टीच्या दिवशी लिंबायतच्या आमच्या वस्तीत काही घरांतून अलीकडे एक नवे दृश्य दिसते. सूनबाई सकाळपासून ओट्यापाशी उभी असते. मेथी निवडून झालेली, मटकीला मोड आलेले, दाण्याचा कूट डब्यात भरलेला, दोन भाज्या शिजून निवत ठेवलेल्या. दुपारपर्यंत सगळे डबे फ्रीजमध्ये ओळीने लागतात आणि पुढच्या आठवड्याचा स्वयंपाक बहुतांशी उरकलेला असतो. आतल्या खोलीतून घरातल्या वडीलधाऱ्या बाईंचा एकच शब्द येतो : ‘शियं!’ अहिराणीतल्या या शब्दात नुसती नावड नसते, तर आपण वाढलो त्या घराची रीत मोडल्याचे दुःखही असते. म्हणून हा वाद सासूसुनांचा म्हणून हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. अन्न शिळे केव्हा होते आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यामागे आहे.

वडीलधाऱ्यांच्या बाजूने परंपरेचे बळ मोठे आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रहर उलटून गेलेले आणि रात्र ओलांडलेले अन्न तामस लोकांच्या आवडीचे म्हणून सांगितले आहे. सुरतेत आमच्या शेजारी राहणारी जैन कुटुंबे वासी अन्नाचा निषेध आमच्याहून काटेकोरपणे पाळतात. परंतु परंपरा एका सुरात बोलते असेही नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अभक्ष्याची यादी देताना तूपतेलाने युक्त पदार्थ, तसेच गहू, जव व दूध यांचे पदार्थ शिळे असले तरी खाण्यास मुभा दिली आहे. प्रवासाला निघालेल्याच्या शिदोरीत दुधात भिजवलेल्या दशम्या बांधून देणाऱ्या आमच्या आज्यांनी तो ग्रंथ वाचला नव्हता, पण व्यवहार तोच होता.

त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट गुजरातेतल्या श्रावणात दिसते. इथे श्रावण वद्य षष्ठीस रांधण छठ असते. त्या दिवशी सर्व पदार्थ करून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमेस, चूल न पेटवता ते थंड अन्न देवीचा प्रसाद म्हणून खातात. आपल्याकडेही श्रावण शुद्ध सप्तमीस शिळासप्तमी म्हणतातच. एरवी जे त्याज्य, ते त्या दिवशी व्रत ठरते. चुलीला विसावा मिळतो, आणि चुलीबरोबर तिच्यापुढे बसणारीलाही. ही दुसरी गोष्ट व्रतकथेत ठळकपणे सांगितलेली नसली, तरी घरोघरच्या बायकांना ती ठाऊक असावी.

आणि खरे सांगायचे तर आम्ही खानदेशी माणसे पूर्वतयारीस नावे ठेवण्याच्या अधिकाराचे नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूंनी आमचे वडील-आजोबा तापीकाठच्या रेल्वेने सुरतेस आले, तेव्हा ट्रंकेत कपड्यांबरोबर उडदाचे पापड, कुरडया, शेवया, बिबडे आणि कैरीचे लोणचे असे. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी होई. पहाटे ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर बिबडे थापायचे, आज एकीच्या घरी तर उद्या दुसरीच्या. जे लोक चैत्र-वैशाखात वाळवलेले कार्तिकात खातात, त्यांनी रविवारचे बुधवारी खाणाऱ्यास शिळेखाऊ म्हणावे, हे न्यायाचे दिसत नाही.

तरीही दोहोंत फरक आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. कुरडई वर्षभर टिकते. पण ती तळायची त्या दिवशीच, खाणारा समोर आल्यावर. बेगमी शेवटच्या विस्तवापर्यंत येऊन थांबते, आणि तो विस्तव ज्या त्या दिवसासाठी राखून ठेवते. दुसरे असे की ती कामे एकटीने होत नसत. घाटा ढवळणारी एक, थापणारी दुसरी, आणि कापडाशेजारी कावळे हाकत बसलेली मुले. आजची सूनबाई मात्र ओट्यापाशी एकटी आहे.

ती एकटी का आहे, हेही पाहिले पाहिजे. यंत्रमागाच्या कारखान्यांतील पाळी बारा तासांची. घरची बाई बाहेर कामास जात नसली, तरी साड्यांवर टिकल्या-खडे चिकटवणे, लेस लावणे, सुटे धागे कापणे, हे काम तिच्या मांडीवर असतेच, आणि त्याचा मोबदला नगावर मिळतो. अशा घरात दोन्ही वेळा तव्यावरची गरम भाकरी हवी, असे आम्ही म्हणतो तेव्हा त्या गरमपणाची किंमत कोणाच्या झोपेतून दिली जाते? ताज्या अन्नाचा आग्रह धरणाऱ्यांत स्वयंपाक करणारे फार थोडे असतात. आमच्यापैकी अनेक पुरुषांनी तो आग्रह आयुष्यभर धरला आणि त्यास संस्कार म्हटले, हे आता कबूल करायला हवे.

मात्र नव्या पद्धतीलाही काही विचारावेसे वाटते. आठवड्याचे डबे मोजून भरले की त्यात घरच्यांची संख्या कायम होते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेने करतात. गावाकडून कोणी पहाटेच्या गाडीने उतरला, शेजारच्या घरात आजारपण निघाले, तर मोजलेल्या डब्यांत त्याचा वाटा कोठून काढायचा? आपल्या जुन्या स्वयंपाकात पिठाची एक मूठ नेहमी अधिक पडे, कोणासाठी हे ठाऊक नसताना. ती मूठ नाहीशी झाली, तर वेळ वाचेल पण घराचे दार थोडे लोटले जाईल.

शिवाय निसर्गाचेही काही म्हणणे आहे. शिजवलेला भात उघड्यावर तासन्‌तास राहिला, तर त्यात असे जंतू वाढतात की त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रीजमध्ये ठेवलेले शिजवलेले अन्न तीन-चार दिवसांत संपवावे, असे आहारशास्त्र सांगते. त्यापुढे टिकवायचे तर गोठवावे लागते. म्हणजे सात दिवसांचे सगळे अन्न एकदम शिजवून फ्रीजमध्ये ठेवणे, हा बेत सुरतेच्या दमट हवेत तरी शहाणपणाचा नाही. आणि फ्रीज विजेवर जगतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सुटून तापीचा पूर शहरात शिरला आणि वीज गेली, तेव्हा फ्रीजची मातब्बरी संपली. अशा दिवसांत कामी येतात ते भाजलेले, वाळवलेले, फळीवरचे कोरडे पदार्थच.

तेव्हा सासूबाई आणि सूनबाई, दोघींचे थोडे थोडे खरे आहे असे म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. आमचे मत असे : कूट, वाटण, मोड आलेली कडधान्ये, निवडलेली भाजी, मळलेली कणीक, एवढे आधी करून ठेवावे, दोन-तीन दिवसांची भाजी शिजवूनही ठेवावी, आणि शेवटचा विस्तव रोजचा असू द्यावा. ही आपल्या बेगमीचीच नवी रीत होय. पण त्या सुट्टीच्या सकाळी मेथी निवडायला घरातले सगळे बसले पाहिजेत, पाळीवरून आलेला मुलगाही आणि निवृत्त झालेले आम्हीही. वाचलेला वेळ जर पुन्हा टिकल्या चिकटवण्यातच जाणार असेल, तर त्या बाईच्या पदरी काहीच पडले नाही. तो तिला झोपायला, वाचायला, माहेरी जाऊन यायला मिळाला, तर त्या डब्यांतले अन्न आम्ही शिळे म्हणणार नाही.

मात्र एक डबा अधिक भरावा, आणि त्यावर कोणत्याही वाराचे नाव लिहू नये.