राखण कोणासाठी?

अंगणात दोन वाफे असोत वा खिडकीत चार कुंड्या. स्वतःच्या हाताने लावलेल्या रोपाला पहिले फळ धरले की जो आनंद होतो, तो बाजारातून आणलेल्या टोपलीभर फळांनी होत नाही. खर्चाचा हिशेब मांडला तर हा व्यवहार बहुधा तोट्याचाच ठरतो. मग या आनंदाचे मूळ कशात आहे? ‘हे माझे आहे’ या भावनेत, असे उत्तर चटकन सुचते. ते पुरेसे आहे काय?

कागदी लिंबाचे उदाहरण घेऊ. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरण्यास साधारणतः ५ वर्षे लागतात. त्याआधीच कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. वाढल्यावर त्या हिरव्या होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडतात. ही लिंबावरील फुलपाखराची संतती. लहान रोपाची सगळी पाने ती फस्त करू शकते. तिला चिरडावे की जगू द्यावे?

ज्याचे पोट बागेवर चालते, त्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारणे अन्यायाचे होईल. घरच्या बागेत मात्र भुकेची सबब नसते; तेथे आपण मालक आहोत की राखणदार, एवढेच ठरायचे असते.

मनुष्याला बागेत ठेवताना सोपवलेल्या कामासाठी उत्पत्ती २:१५ मध्ये दोन हिब्रू क्रियापदे येतात: ‘आबाद’ आणि ‘शामार’. पहिल्याचा अर्थ मशागत करणे तसाच सेवा करणे. दुसऱ्याचा राखणे, जपणे. निवासमंडपातील लेव्यांच्या कामासाठी गणना ३:७-८ मध्ये हीच जोडी योजली आहे. मराठीत ‘मशागत’ म्हटले की जमीन डोळ्यांपुढे येते. सेवेचा ध्वनी मागे राहतो. मालकी मात्र दोहोंपैकी एकाही शब्दात नाही.

राखण केवळ आपल्या फळांची असेल, तर अळी शत्रू ठरते. राखण बागेची असेल, तर तिचाही वाटा निघतो. रोप लहान असल्यास अळ्या अलगद उचलून मोठ्या लिंबावर सोडाव्यात. झाड मोठे असल्यास चार पानांवर पाणी सोडावे.

पुढे फुलपाखरू कोशातून बाहेर पडते आणि कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात जाते. ते आपले म्हणता येत नाही, तरीही त्याला पाहून होणारा आनंद उणा होत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते.